टाकी भरायच्या आधी डिस्क मोजा, आम्ही मोजल्या नाहीत

झालं असं की आमच्या कॉम्प्लेक्सच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, जुना सरफेस एरेटर होता, वर तरंगत पाणी उडवणारा, आवाज भरपूर आणि बिल त्याहून भरपूर. असल्या प्लांटमध्ये निम्मी वीज तरी घाण खाणाऱ्या जिवाणूंना नुसती हवा द्यायलाच जाते हे मलाही तेव्हाच कळलं. तर एक कॉन्ट्रॅक्टर आला, म्हणाला हे धूड काढा, तळाशी फाइन बबल डिफ्युझर बसवू, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भोकांच्या रबरी डिस्क, हवेचं बिल निम्म्यावर येईल. आता पद्धतीबद्दल तो जे बोलला ते खोटं नव्हतं बरं का, बुडबुडा बारीक असला की तेवढ्याच हवेला पाण्याचा स्पर्श जास्त मिळतो आणि तो सावकाश वर येतो, म्हणून ऑक्सिजन जास्त विरघळतो. पद्धत चांगली, माणूस चोर.

कोटेशनमध्ये लिहिलेलं, ऑक्सिजन ट्रान्सफर २८ टक्के, म्हणजे सोडलेल्या हवेतल्या ऑक्सिजनपैकी तेवढा पाण्यात विरघळणार. कमिटीत मी सही करून मोकळा. नंतर कळलं की हा आकडा स्वच्छ पाण्यातला असतो, २० अंश तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन शून्य धरून, वर साडेचार-पावणेपाच मीटर खोलीवरचा, ढोबळमानाने मीटरमागे ६ टक्के. आमच्या डिस्कवर पाणी जेमतेम साडेतीन मीटर, म्हणजे तिथेच २१ झाले. त्यात सांडपाणी साबणाचं, साबणाने ऑक्सिजन शिरायचा वेग पडतो, स्वच्छ पाण्याच्या मानाने तो किती उरतो त्याला अल्फा फॅक्टर म्हणतात, फाइन बबलला तो ०.५ च्या आसपास, म्हणजे उरले दहा. शिवाय टाकीत डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला २ मिलिग्रॅमवर टिकवायचा असतो त्याची वजावट वेगळीच. २८ चे सात-आठ होतात हो शेवटी, आणि याने ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारं यंत्र, निवडलेला २८ धरून!

ट्रायलच्या दिवशीचं तर विचारूच नका. टाकी धुतलेलीच होती, त्याने चांगलं पाणी भरून घेतलं, ब्लोअर चालू केला आणि थोड्या वेळाने मीटरवर डीओ ७.८. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, नुसता अंगठ्यांचा पाऊस, लगेच दुसरा हप्ता दिला. अरे पण त्या पाण्यात ऑक्सिजन खाणारं होतं कोण? घाण नाही, जिवाणू नाहीत, साध्या पाण्यात हवा सोडत राहिलं की डीओ आठाच्या आसपास जाणारच.

खरं सांडपाणी सोडलं आणि तीन आठवड्यांत स्लज, म्हणजे टाकीतला जिवाणूंचा गाळ, काळा, सडक्या अंड्यांचा वास. तर हा म्हणतो, "साहेब, बॅक्टेरिया अजून सेट नाही झाले, कल्चर टाका", आणि हे कल्चर, म्हणजे तयार जिवाणू, तेही त्याच्याकडूनच घ्यायचं. तेही घेतलं आम्ही. मग त्याचा माणूस येऊन डीओचा प्रोब थेट बुडबुड्यांच्या झोतात लटकवून गेला, बुडबुडे प्रोबला आपटले की मीटर चढं दाखवतो. आमच्या ऑपरेटरला शंका आली, त्याने प्रोब काढून लांबच्या कोपऱ्यात सोडला आणि मला बोलावलं, "दादा, आता बघा." ०.३.

मग टाकी रिकामी केली. वायू तपासून, वर माणसं उभी ठेवून आत उतरलो आणि मी स्वतः गाळात उभं राहून डिस्क मोजल्या, दोनदा मोजल्या कारण विश्वास बसेना. ड्रॉइंगवर १२०, तळाशी ६२. पाइपांना बाकीची भोकं पाडलेली होती, त्यात प्लास्टिकची बुचं ठोकलेली. म्हणजे जिथे एका डिस्कमधून तासाला ३ घनमीटर हवा जायची तिथे जवळजवळ ६ कोंबली जात होती. त्यात रबर ताणून भोकं मोठी होतात, बुडबुडे एकमेकांना चिकटतात, म्हणजे पैसे बारीक बुडबुड्याचे आणि मिळतोय जाडा. टाकीत दोनच जागी पाणी खदखदायचं आणि बाकी शांत, ते आम्हाला 'जोरदार एरेशन' वाटायचं, काय बोलणार. काही डिस्कचं रबर तर रिंगेजवळ फाटलेलं.

तो फोन उचलत नाही. नव्या माणसाच्या ऑर्डरमध्ये आम्ही लिहून घेतलंय की डिस्क कोरड्या टाकीत आमच्यासमोर मोजायच्या, मग त्यांच्यावर वीतभर पाणी ठेवून हवा सोडायची आणि सगळीकडे सारखी येते का ते बघायचं, आणि शेवटचा हप्ता खरं सांडपाणी महिनाभर चालल्यावर, सकाळच्या गर्दीच्या वेळी चारही कोपऱ्यांत डीओ बघून.

परवा एका कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरींचा फोन आला, त्याच कॉन्ट्रॅक्टरने रेफरन्स म्हणून माझा नंबर दिलाय, सोबत तो ७.८ चा फोटोही पाठवलाय. मी काढलेलाच.