पिवळी पुस्तिका आणि गुलाबी कार्ड : बँकॉकच्या एका जिल्हा कार्यालयातील नोंदणीसेवा

फ्लॅटचा व्यवहार पूर्ण झाला तेव्हा आधीच्या मालकाने किल्ल्यांबरोबर निळ्या कव्हरची एक पातळ पुस्तिका माझ्या हाती ठेवली. पहिल्या पानावर पत्ता आणि घराचा अकरा आकडी क्रमांक होता. पुढची, रहिवाशांच्या नोंदीची पाने कोरी होती. माझ्यापुरती ती कोरीच राहणार होती, कारण निळी पुस्तिका, म्हणजे थो. रो. 14 हा सरकारी नमुना, थाई नागरिकांसाठी आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परदेशी व्यक्तींसाठी असते. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांचे नाव पिवळ्या पुस्तिकेत, थो. रो. 13 मध्ये, लागते. ही पिवळी पुस्तिका आणि तिच्या आधारे मिळणारे गुलाबी ओळखपत्र मी बँकॉकच्या ज्या जिल्हा कार्यालयातून काढले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

या पुस्तिकांतील घरनोंदणीला थाई भाषेत थबियन बान म्हणतात. तिच्यात नाव असणे म्हणजे घराची मालकी नव्हे. मालकी जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या हक्काच्या कागदावरून ठरते. पुस्तिकेत ज्याची नोंद ‘चाव बान’, म्हणजे घराचा प्रमुख, अशी असते, तो मालक असलाच पाहिजे असे नाही, मात्र घरातील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. जन्म 15 दिवसांत, मृत्यू 24 तासांत आणि घर सोडणे किंवा नव्या घरी येणे 15 दिवसांत कळवावे, असा नियम आहे. एका व्यक्तीचे नाव एका वेळी एकाच घराच्या नोंदणीत राहू शकते, आणि सगळी मेख इथेच आहे.

माझ्या कार्यालयातील एक सहकारी बारा वर्षे बँकॉकमध्ये राहते, पण तिचे नाव अजून ईशान्य थायलंडमधील खोन केन येथील आईवडिलांच्या घरनोंदणीत आहे. भाड्याच्या खोलीचा मालक भाडेकरूचे नाव आपल्या पुस्तिकेत घालायला सहसा राजी होत नाही, आणि तिलाही ते नको आहे. परिणामी ती मतदानाला खोन केनला जाते, कारण मतदारसंघातील घरनोंदणीत किमान 90 दिवस नाव असावे लागते. तिचा भाऊ नोकरीला राजधानीत होता, तरी सैन्यभरतीची चिठ्ठी काढायला एप्रिलमध्ये त्याला मूळ जिल्ह्यातच हजर राहावे लागले. लाल चिठ्ठी निघाली तर भरती, काळी निघाली तर सुटका. बँकॉकची नोंदणीकृत लोकसंख्या साधारण 55 लाख दिसते आणि रस्त्यावर मात्र त्याहून कितीतरी अधिक माणसे भेटतात, त्याचे एक कारण अशा पुस्तिकांत दडलेले आहे.

थाई नागरिकाच्या दृष्टीने ही सेवा उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ओळखपत्र वयाच्या सातव्या वर्षापासून लागते आणि आठ वर्षे चालते. ते नूतन करायला मूळ गावी जावे लागत नाही. देशातील कोणत्याही जिल्हा कार्यालयात काम होते. माझ्या शेजारच्या खिडकीवरील गृहस्थ फोटो काढून, बोटांचे ठसे देऊन, माझा क्रमांक पुकारला जाण्याआधीच नवे कार्ड खिशात घालून निघून गेले. कार्डावर घरनोंदणीतील पत्ताच छापला जातो. नोंदणी दुसरीकडे हलवल्यास कार्ड बदलून घेता येते, पण बदललेच पाहिजे अशी सक्ती नाही, जुने कार्ड मुदत संपेपर्यंत वैध राहते. नाव किंवा आडनाव बदलले तर मात्र 60 दिवसांत नवे कार्ड काढावे लागते. नोंदणी हलवण्यासाठी आता आधी जुन्या जिल्ह्यात खेटा घालण्याची गरज नाही. नव्या जिल्ह्यातच 20 बाट भरून दोन्ही नोंदी एकदम होतात.

परदेशी अर्जदाराची कहाणी वेगळी आहे. कायदा देशभर एकच, पण कागदांची यादी प्रत्येक कार्यालयाची स्वतःची. माझ्याकडून पासपोर्टचे प्रमाणित थाई भाषांतर, फ्लॅटच्या मालकीचा कागद, निळी पुस्तिका, फोटो आणि दोन थाई साक्षीदार मागितले गेले. ही यादी मला पहिल्या फेरीत तोंडी सांगितली, आणि दुसऱ्या फेरीत तिच्यात आईवडिलांच्या नावांचे थाई लेखन वाढले, कारण पुस्तिकेत प्रत्येक व्यक्तीपुढे आईचे व वडिलांचे नाव आणि राष्ट्रीयत्व लिहिले जाते. छापील यादी हातात दिली असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता. या सेवेविषयी माझी मुख्य तक्रार हीच.

तिसऱ्या फेरीत अडले ते एका अक्षरावर. माझ्या आडनावात ळ आहे. थाई लिपीत ळ चे अक्षर चक्क आहे. त्याला ‘लो चुला’, म्हणजे पतंगाचा ल, म्हणतात, मात्र उच्चार साध्या ल सारखाच होतो. भाषांतरकाराने हौसेने तेच अक्षर वापरले होते, तर भूमी कार्यालयाने मालकीच्या कागदावर ‘लो लिंग’, म्हणजे माकडाचा ल, लिहिला होता. खिडकीवरील बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्या एका अक्षराखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि अतिशय नम्रपणे सांगितले की त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरे तर त्यांचेच बरोबर होते. भाषांतर पुन्हा करून, पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागले. मूळ उच्चाराच्या जवळचे अक्षर उपलब्ध असताना ते सोडून द्यावे लागल्याची हळहळ मराठी माणसालाच कळेल.

मुलाखत मात्र सुखाची झाली. साक्षीदारांना वेगळे बसवून मी कधीपासून त्या घरात राहतो, काय काम करतो, घरात आणखी कोण असते, हे विचारले गेले, आणि उत्तरे टंकित करून प्रत्येकाच्या सह्या घेतल्या. पहिल्या फेरीपासून सहाव्या आठवड्यात पुस्तिका मिळाली. तिच्यासाठी काहीही शुल्क घेतले नाही. गुलाबी कार्डाचे 60 बाट पडले आणि ते दहा वर्षांचे आहे. कार्डावरील तेरा आकडी क्रमांक सहाने सुरू होतो, आणि तोच करभरणा करताना चालतो.

उपयोगाचे म्हणाल, तर वाहन परवाना किंवा गाडीची नोंदणी करताना दर वेळी इमिग्रेशनकडून वास्तव्याचा दाखला आणण्याची कटकट संपली, हा खरा लाभ. मात्र पिवळ्या पुस्तिकेने व्हिसाचे कोणतेही बंधन सैल होत नाही. दर 90 दिवसांनी पत्ता कळवणे सुरूच राहते, आणि परदेशी पाहुणा राहायला आला की घरमालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवण्याचा नियमही तसाच लागू राहतो, कारण तो इमिग्रेशन कायद्यातला आहे, घरनोंदणीच्या कायद्याशी त्याचा संबंध नाही. गुलाबी कार्ड हे नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

स्वतःचे घर असणाऱ्या किंवा थाई जोडीदाराच्या घरी राहणाऱ्या व्यक्तीने हा खटाटोप जरूर करावा. वर्षा-दोन वर्षांच्या करारावर भाड्याने राहणाऱ्याने करू नये, त्याला वास्तव्याचा दाखला पुरतो. कर्मचाऱ्यांच्या सौजन्याला मी पाचपैकी पाच गुण देईन, कागदांच्या यादीबाबतच्या स्पष्टतेला दोन. जाण्यापूर्वी मालकीचा कागद, वाहन परवाना आणि कामाचा परवाना यांवरील नावाचे थाई लेखन अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि मगच भाषांतरकाराकडे जावे, तेही मालकीच्या कागदाची प्रत बरोबर घेऊन.