जुनी प्रीमियम गाडी घेताना: इंजिनाचा भरवसा आणि दुरुस्तीचा खरा खर्च

मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीज किंवा लेक्सस एलएस यांसारखी गाडी नवी असताना फार थोड्यांना परवडते, आणि दहा-पंधरा वर्षे उलटली की तीच गाडी एखाद्या नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळू लागते. हा उतार फक्त विक्रीच्या किमतीला लागू होतो. सुट्या भागांचे आणि जाणकार मेकॅनिकच्या मजुरीचे दर गाडी नवी असताना ज्या पातळीवर होते तिथेच राहतात. इथपर्यंतची गोष्ट बहुतेक खरेदीदारांना ठाऊक असते. त्यांच्या हिशेबात सहसा न येणारी गोष्ट अशी, की या गाड्यांचे मोठे बिल बऱ्याचदा भागाच्या किमतीमुळे होत नाही. तो भाग गाडीत कुठे बसवला आहे आणि तिथे हात पोहोचण्यासाठी काय काय उतरवावे लागते, यावर ते ठरते. २००० ते २०१० या काळातल्या काही प्रसिद्ध मॉडेलांकडे मी याच निकषाने पाहिले आहे, आणि एकाच मॉडेलची दोन इंजिने या निकषावर किती वेगळी ठरतात ते पाहून खरेदीचा निर्णय बोधचिन्हावर न घेता इंजिनाच्या सांकेतिक नावावर (ओएम ६४२, एन५२ असे) घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

मर्सिडीजचे ओएम ६४२ हे तीन लिटरचे व्ही६ डिझेल इंजिन घेऊ. २००५ पासून ते ई-क्लास, एमएल, एस-क्लास अशा अनेक गाड्यांत बसवले गेले. ते ताकदवान आणि शांत आहे, आणि त्याचा गाभा चांगलाच टिकाऊ आहे. मात्र त्याचा ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारा भाग, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसवलेला आहे. तिथल्या उष्णतेने कूलरखालची रबरी सील कडक होतात, तेल झिरपू लागते आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळत गिअरबॉक्सच्या जोडाशी टपकते. त्यामुळे क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले, असे चुकीचे निदान पुष्कळदा होते आणि गिअरबॉक्स उगाच उतरवला जातो. सीलची किंमत नगण्य असते. ती बदलण्यासाठी टर्बो आणि मॅनिफोल्ड काढून पुन्हा बसवण्याची मजुरी मात्र मोठी असते. नंतरच्या काळात उष्णता जास्त सोसणाऱ्या रबराची सील आली, म्हणून हे काम पूर्वी झाले असल्यास कोणती सील वापरली हे बिलावर पाहावे. याच इंजिनात टर्बोच्या तोंडाशी असलेल्या सीलमधून तेलाचा ओलावा खाली उतरतो आणि इनटेकच्या झडपा फिरवणारी छोटी मोटर खराब करतो. इंजिन एवढे उघडलेच आहे तर हे सीलही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते.

याच घराण्यातल्या एम २७२ या पेट्रोल व्ही६ इंजिनाची कथा अधिक कठोर आहे. साधारण २००४ ते २००७ या काळातल्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या, गिअरचा धातू पुरेसा कणखर नव्हता. त्याचे दात झिजतात, टायमिंग (झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकते आणि इंजिनाचा दिवा लागतो. हा शाफ्ट बदलायचा तर इंजिन गाडीतून उतरवावे लागते. एम २७३ या व्ही८ इंजिनात बॅलन्स शाफ्ट नाही, पण टायमिंग चेन ज्या मधल्या गिअरवरून जाते त्याला हाच रोग आहे. दुरुस्तीचे बिल गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते, म्हणून अनेक मालक दिवा पेटताच गाडी विकायला काढतात. अशी इंजिने घ्यायची तर इंजिन क्रमांकावरून ते सुधारित गिअरचे आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२००२ ते २००९ दरम्यान बनलेल्या डब्ल्यू२११ ई-क्लासमध्ये आणखी एक निवड करावी लागते. २००६ च्या फेसलिफ्टपूर्वीच्या, म्हणजे त्या पिढीतल्या मधल्या सुधारणेआधीच्या, गाड्यांत सेन्सोट्रॉनिक नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक प्रणाली होती. तिच्यासाठी कंपनीने २००४ आणि २००५ मध्ये गाड्या परत बोलावल्या आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ती काढूनच टाकली. तिचे युनिट ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी ठेवते आणि ठरावीक मर्यादेनंतर बदलण्याची सूचना देते. ब्रेकच्या बाबतीत तडजोड करायला मी कोणालाही सांगणार नाही, त्यामुळे फेसलिफ्टनंतरची गाडी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

एअर सस्पेन्शनबद्दल, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या रचनेबद्दल, थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मर्सिडीज, ऑडी, रेंज रोव्हर अशा अनेक गाड्यांत ते असते आणि त्याची दुरुस्ती बहुधा उलट्या क्रमाने केली जाते. आधी हवेच्या फुग्याचे रबर वयाने चिरते आणि हवा हळूहळू सुटते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) सतत चालत राहतो, तापतो आणि शेवटी जळतो. गॅरेजमध्ये गाडी येते ती कॉम्प्रेसर बंद पडल्यावर. मग फक्त कॉम्प्रेसर बदलला जातो, गळती तशीच राहते आणि नवा कॉम्प्रेसरही थोड्या काळात त्याच वाटेने जातो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी सुरू करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची उंची पाहावी. एखादा कोपरा खाली बसला असेल तर गळती तिथेच शोधावी. ज्या मॉडेलमध्ये साध्या स्प्रिंगचा पर्याय उपलब्ध होता, तिथे जुन्या गाडीसाठी मी निःसंकोचपणे तोच निवडेन. प्रवासातला थोडा मऊपणा जातो, पण खर्चाचे एक मोठे दार कायमचे बंद होते.

बीएमडब्ल्यूच्या ई६० पिढीत, म्हणजे २००३ ते २०१० च्या ५ सिरीजमध्ये, एन६२ हे व्ही८ इंजिन ऐकायला आणि चालवायला विलक्षण आहे. त्याच्या सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) एक नळी इंजिनाच्या पुढून मागे जाते आणि तिच्या टोकाचे सील वयाने कडक होऊन गळू लागते. मूळ पद्धतीने ती नळी बदलायची तर इंजिनाचा पुढचा बराचसा भाग, टायमिंगच्या झाकणांसह, उघडावा लागतो. एका सीलसाठी मजुरीचे तास ढिगाने लागतात. या अडचणीवर स्वतंत्र सुट्या भागांच्या निर्मात्यांनी एक नामी उपाय काढला: जुनी नळी जागेवरच कापून काढायची आणि तिच्या जागी लांबी वाढवता येणारी दोन तुकड्यांची नळी वॉटर पंपाच्या तोंडातून आत सरकवून ताणून बसवायची. भाग मूळ सीलपेक्षा महाग, तरीही एकूण बिल कितीतरी कमी. दुरुस्तीचा खर्च जागेवर ठरतो, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा नमुना मला माहीत नाही. एन६२ ची व्हॉल्व्ह सीलही झिजतात. सिग्नलवर काही मिनिटे थांबून निघताना मागून निळसर धूर निघाला तर कारण बहुधा तेच असते.

त्याच गाडीतले एन५२ हे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मात्र या काळातल्या सर्वांत समतोल इंजिनांपैकी एक आहे. त्याला टर्बो नाही आणि थेट इंजेक्शन (इंधन सरळ सिलिंडरात फवारणारी रचना) नसल्याने इंधनाची प्रणालीही साधी आहे. वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे आणि तो फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो, म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्याचे वय माहीत असावे. व्हॉल्व्ह कव्हरची आणि ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट कधी ना कधी गळतातच. ब्लॉक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने त्यात ॲल्युमिनियमचे बोल्ट वापरतात आणि ते एकदा सोडले की नवेच घालायचे असतात. जुने बोल्ट पुन्हा आवळणाऱ्या गॅरेजवर माझा विश्वास बसत नाही. ही सगळी कामे हात पोहोचणाऱ्या जागी आहेत, आणि म्हणूनच हे इंजिन जुन्या गाडीला शोभते. याउलट २००७ ते २०११ च्या सुमाराचे एन४७ हे चार सिलिंडरचे डिझेल इंधनात कितीही काटकसरी असले, तरी त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या पाठीशी आहे. ती सैल पडून तुटल्याच्या तक्रारी कुप्रसिद्ध आहेत आणि तिचे काम म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणे. ऑडीच्या बी६ आणि बी७ पिढीतल्या एस४ गाडीचे ४.२ लिटर व्ही८ इंजिनही याच पंक्तीत बसते. चेन आणि तिला दिशा देणाऱ्या पट्ट्या (गाइड) मागे, म्हणून काम करायला इंजिन बाहेर काढावे लागते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ‘आयुष्यभराचे तेल’ ही कल्पना मला मान्य नाही. झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ६एचपी हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूने दिलेल्या तेलावर आयुष्यभर चालेल असे सांगितले जात होते, तर झेडएफ स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनी किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. मला गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे म्हणणे जास्त पटते, कारण गाडीच्या वॉरंटीनंतरचे आयुष्य हा गाडीच्या कंपनीचा प्रश्न उरत नाही.

लेक्ससचा उल्लेख अशा चर्चेत अपरिहार्य आहे आणि तो योग्यही आहे. १९८९ मध्ये आलेल्या एलएस ४०० च्या व्ही८ इंजिनाने आणि २००० ते २००६ च्या एलएस ४३० मधल्या त्याच्या वंशजाने टिकाऊपणाचा मापदंड घालून दिला. १९९६ च्या एका एलएस ४०० ने दहा लाख मैलांचा टप्पा पार केल्याची नोंद जाहीर आहे. या इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, म्हणून सुमारे दीड लाख किलोमीटरला बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलावेत. हे काम इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उघड्यावर होते. मात्र एलएस ४३० चे एअर सस्पेन्शन असलेले रूप घेतले तर वर सांगितलेला हिशेब लेक्सससाठीही तितकाच खरा ठरतो. चालवण्यातली धार शोधणाऱ्याला ही गाडी थोडी निरस वाटेल, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

इलेक्ट्रॉनिक्सचे बिघाड खर्चाइतकाच मनस्ताप देतात. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी गालिच्याखाली साचते, आणि कित्येक मॉडेलांत कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे छोटे संगणक) नेमके तिथेच असतात. म्हणून गालिचा हाताने दाबून ओल पाहणे ही फुकट पण मोलाची तपासणी आहे. ई६० मध्ये नवी बॅटरी बसवली तर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, अन्यथा चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहते. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ गिअरबॉक्समधला कंट्रोलर दुसऱ्या गाडीतून काढून तसाच बसवता येत नाही, कारण तो मूळ गाडीशी बांधलेला असतो. त्यामुळे ज्या गॅरेजकडे त्या ब्रँडचे निदान करणारे सॉफ्टवेअर आणि ते वापरणारा माणूस नाही, तिथली स्वस्त मजुरी शेवटी महाग पडते.

सुट्या भागांत बचतीला खरा वाव आहे. सस्पेन्शनचे हात (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) लेमफोर्डरचे, शॉक ॲब्सॉर्बर साक्सचे, इंजेक्शन आणि सेन्सर बॉशचे असतील, तर पुष्कळदा तो गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणाराच भाग असतो, फक्त बोधचिन्हाशिवाय आणि कमी किमतीत. निनावी नकली हात मात्र लवकर खडखडू लागतात आणि अलाइनमेंटसह सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. ज्या कामात मजुरी जास्त आहे तिथे भागात काटकसर करू नये, हा माझा आग्रह आहे.

खरेदीपूर्वी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करावी, कारण चेनचा खडखडाट पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो. विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. स्कॅनर लावताना फक्त फॉल्ट कोड (बिघाडाचे नोंदलेले संकेतांक) नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. गाडीचा संगणक धुराच्या प्रदूषणाबाबत स्वतः ज्या तपासण्या करतो त्या अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता असते. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा कोणते भाग कधी बदलले हे दाखवणारी बिले अधिक बोलतात.

या सगळ्यांतून निवड करायची झाल्यास फेसलिफ्टनंतरची, साध्या स्प्रिंगची आणि ओएम ६४६ या चार सिलिंडरच्या डिझेलची ई-क्लास मी पहिल्या क्रमांकावर ठेवेन: तिची चेन पुढे आहे, बहुतेक कामांसाठी इंजिन उतरवावे लागत नाही आणि भाग मुबलक मिळतात. पेट्रोल हवे असेल तर एन५२ ची ५ सिरीज, आणि वर्षाकाठी फार थोडे चालवणाऱ्याला स्प्रिंगवरची एलएस ४३०. एन६२ किंवा ४.२ लिटरचे व्ही८ इंजिन ज्याला मनापासून हवे आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण सौदा ठरण्यापूर्वीच आपल्या मेकॅनिककडून कूलंट नळी, व्हॉल्व्ह सील आणि चेनच्या कामाचे मजुरीचे तास लेखी मागून घ्यावेत आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवूनच बोली लावावी.