पत्त्यांचा साचा: आठ महिने वापरल्यावर

गणपतीच्या सुट्टीत पुतण्यांसाठी पत्त्यांचा एक खेळ रचायला घेतला होता. हरिश्चंद्रगड चढायचा, वाटेत प्रसंगाचे पत्ते उलटायचे आणि अंधार पडायच्या आत केदारेश्वराची गुहा गाठायची. त्यासाठी लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) केलेला साचा मे महिन्यातही चालतोय, म्हणून हे लिहितोय.

आधी मी एका फाइलमध्ये ७२ चौकटी काढून प्रत्येकीत मजकूर चिकटवला होता. पहिल्याच डावात कळलं की नळीच्या वाटेने कुणी फिरकतच नाही, सगळे पाचनईकडून निघतात. खऱ्या गडावरही तीच वाट सोपी, पण खेळात असं चालत नाही. दुरुस्तीला बसलो तर एक शीर्षक दोन ओळींचं झालं की खालची चौकट सरकायची. रात्री दीड वाजेपर्यंत चौकटीच ओढत होतो.

मग 'लेबल्स' सापडलं. हे साधन खरं तर पाकिटांवर पत्ते छापायचं. मीही पत्तेच छापले, फक्त वेगळे. आकडे देऊन ठेवतो: पत्ता ६३ × ८८ मिमी, तीन रकाने, तीन ओळी, ए४ कागदावर डावा समास १०.५ आणि वरचा १६.५ मिमी. दोन पत्त्यांमधलं अंतर वेगळं सोडायचं नाही, म्हणजे एका कापात दोन्हींच्या कडा सुटतात. एका कागदावर ९, म्हणजे सगळा गड ८ कागदांत.

मजकूर सगळा कॅल्कच्या, म्हणजे लिब्रेऑफिसच्याच स्प्रेडशीटच्या, तक्त्यात: नाव, वाट, प्रसंग, किती दम खर्च. तो तक्ता साच्याला जोडला, पहिल्या लेबलात फील्ड (तक्त्यातला मजकूर जिथे येतो त्या जागा) टाकली आणि मजकूर सगळ्या लेबलांत सिंक्रोनाइझ करायचं बटण दाबलं की बाकीची आठ आपोआप तशीच होतात. मात्र या सोयीची खूण नवी फाइल करतानाच करायची असते. मी विसरलो, दुसऱ्यांदा सगळं केलं.

आता डाव संपला की पुतणी तक्त्यात दोन ओळी बदलते आणि तेवढेच पत्ते छापतो. साध्या कागदावर छापून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये जुन्या पत्त्यापुढे सरकवायचे. घरातले जुने पत्ते ५७ मिमी रुंद, त्यामुळे स्लीव्हमध्ये थोडे हलतात, पण आधार पुरेसा मिळतो. खेळ आठ महिने टिकला तो यामुळेच. नाहीतर गणपती विसर्जनाबरोबर तोही गेला असता.

चौकट लहान असल्यामुळे भाषाही आवरली. पहिला मसुदा होता: 'नळीच्या वाटेने चढत असताना अचानक वरून एक मोठा दगड गडगडत खाली येतो आणि...' आता पत्त्यावर आहे: 'दगड निसटला. सर्वांत मागच्याचा एक दम गेला.' पोरं हे मोठ्याने, आवाज काढून वाचतात.

अक्षर ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका. आमच्या प्रिंटरवर अनुस्वार आणि रफार बुजले. ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मजकुराची भाषा मराठी निवडायलाही विसरू नका. काही फॉन्टांत त्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि 'शिळा' पत्त्यावर ते फारच डोळ्यांत खुपत होतं.

छपाईचा एक फटका बसला. जाड कागदावर संच करून घ्यायला पीडीएफ कोपऱ्यावरच्या दुकानात दिली. तिथे 'फिट टू पेज' चालू राहिलं आणि सगळे पत्ते जरासे आखडले. नव्या-जुन्या पत्त्यांची चवड केली की कोणता कुठला ते हाताला कळायचं, म्हणजे पिसण्यात अर्थच उरला नाही. आता 'अ‍ॅक्चुअल साइज' सांगतो, आणि पहिला कागद हातात आला की पट्टी लावतो. दोन्ही बाजूंनी छापताना पाठ मिलिमीटरभर सरकतेच, म्हणून मागे किनार नको. आणि वाटेच्या पत्त्यांची पाठ वेगवेगळी असेल तर रकाने उलट क्रमाने लावा: डावीकडच्या पत्त्याची पाठ उजवीकडे.

चित्रांना मात्र हा साचा सोयीचा नाही. चित्रप्रधान खेळ करणाऱ्यांनी दुसरं काही बघावं. आम्ही वरचे २५ मिमी कोरे सोडतो आणि पुतणी स्केचपेनने भरते. केदारेश्वराच्या गुहेत चारांपैकी एकच खांब शाबूत आहे. तिने पहिल्या पत्त्यावर चारही काढले होते. धाकट्याने तीन खोडले, आणि तोच पत्ता अजून खेळात आहे.