उपकेंद्रातलं लसीकरण सत्र: न्युमोनियाच्या लसींसाठी इथं जायला काहीच हरकत नाही

न्युमोनियापासून बाळाला जपणाऱ्या पेंटा (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्रित लस) आणि पीसीव्ही (न्युमोकोकस जंतूवरची लस) या दोन्ही लसी सरकारी सत्रात मोफत मिळतात. पेंटा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, डाव्या मांडीत. पीसीव्ही दीड आणि साडेतीन महिन्यांना, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर बूस्टर, उजव्या मांडीत. फुकटची लस म्हणून दर्जावर शंका घेणाऱ्यांनी कुपी नीट पाहावी. लेबलवर किंवा झाकणावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला की ती बाद.

पण ही खूण फक्त उष्णतेची. पेंटा आणि पीसीव्ही गोठल्या तरी वाया जातात आणि ते या चौकोनावर दिसत नाही. म्हणून अनुभवी सिस्टर आइसपॅक कानाशी हलवून आत बर्फ थोडा वितळून पाणी खळखळतंय ना, हे ऐकूनच तो कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड डब्यात, ठेवतात. अशी सिस्टर असेल तर ते केंद्र सोडू नका.

पेंटानंतर ताप येतो, कारण त्यात डांग्या खोकल्याचे अख्खे मृत जंतू असतात. खासगीतल्या ‘पेनलेस’ लसीत त्या जंतूंचे फक्त काही अंश असतात; तिने ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यावरचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. आमचं मत सरकारी पेंटालाच. तापाला पॅरासिटामॉल, एका वेळी दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम. इंजेक्शनची जागा चोळू नये.

उणिवाही आहेत. गर्दीत लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवण्याचा नियम पाळला जात नाही. तुम्ही मात्र थांबाच. कार्डावर पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

साध्या सर्दीवर या लसी चालत नाहीत. लसीकरण पूर्ण झालेल्या बाळालाही खोकला झाला तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फ्लूची लस मात्र या सत्रात नाही, ही मोठी उणीव. ती सहा महिन्यांनंतर खासगीत घ्यावी लागते: पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मे संपायच्या आत दोन्ही उरकून घ्या.