पीएस फोर चालू होऊन लगेच बंद पडतो? नागपूरच्या गोकुळपेठेतल्या ह्या दुरुस्तीवाल्या भाऊकडे न्या

साडेचार स्टार द्यायचे होते पण अर्धा देता येत नाही म्हणून चार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच, आधी कामाचं बोलतो.

माझ्याकडे पीएस फोर स्लिम आहे, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन गेम कन्सोल, २०१८ चा. त्याला झालं असं की चालू करा, बीप वाजतो, निळा लाईट, मग पांढरा, मेनू येतो, सगळं बरोबर, आणि फुटबॉलचा गेम लावला की कधी पंधरा मिनिटांनी तर कधी अर्ध्या तासानी टुक करून पूर्ण बंद. ना एरर, ना लाल लाईट, काहीच नाही. परत चालू केला की वरून आपल्यालाच ऐकवणार की मागच्या वेळी नीट बंद केला नव्हता आणि मग स्टोरेज चेक करत बसणार. हळूहळू तो टिकायचा वेळ कमी होत गेला आणि मे लागेपर्यंत अशी हालत झाली की निळा लाईट पांढरा व्हायच्या आधीच खेळ खलास. लहान भावाच्या सुट्ट्या चालू होत्या, तो तर त्या लाईटकडे असा पाहत बसायचा की विचारू नका.

दुकानात जायच्या आधी घरी काय काय करून पाहायचं ते सांगतो कारण कधी कधी त्यातच काम होऊन जाते आणि पैसे वाचतात. पहिलं म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर सगळं मधून काढा आणि कन्सोल डायरेक्ट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या लाईनचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज काय असते ते आपल्याला माहीतच आहे. केबल बदलून पाहा, स्लिमला ती आठच्या आकड्यासारखं तोंड असलेली दोन पिनांची केबल लागते, जुन्या टेपरेकॉर्डरची पडली असेल तर तीही चालते. मग सेटिंगमध्ये एचडीएमआय डिव्हाईस लिंक बंद करा, ते चालू असलं की टीव्ही आणि कन्सोल एकमेकांना चालू-बंद करत बसतात आणि माणसाला वाटते मशीन गेली. काही वेळ कंट्रोलरला हात नाही लावला तर आपोआप बंद व्हायचं सेटिंग पण असते, माझ्या एका मित्राचा "बिघाड" तोच निघाला होता. मग सेफ मोड, म्हणजे बंद असलेल्या कन्सोलचं पॉवर बटण दाबून धरायचं, एक बीप लगेच येतो, साधारण ७ सेकंदांनी दुसरा आला की सोडायचं. त्यात पाचवा पर्याय डेटाबेस रिबिल्डचा आहे, त्यानं गेम उडत नाहीत, बिनधास्त करा. सहा आणि सातला हात लावू नका, ते सगळं पुसतात.

आणि एक टेस्ट अशी आहे की जी फार कमी लोक करतात पण सगळ्यात कामाची तीच. हार्ड डिस्क काढून कन्सोल चालू करायचा. स्लिमला मागच्या कोपऱ्यात छोटं कव्हर आहे, ते सरकवलं की एक स्क्रू आणि डिस्कचा ट्रे. डिस्क नसली तरी चांगला पीएस फोर चालू होतो आणि स्क्रीनवर सांगतो की स्टोरेज सापडत नाही. असा तो आरामात चालू राहिला तर गडबड डिस्कमध्ये, नवीन २.५ इंची डिस्क टाका विषय संपला. डिस्क काढूनही बंद पडत असेल तर पॉवर सप्लाय नाहीतर बोर्ड. माझा डिस्कशिवायही बंद पडला, म्हणजे आता कोणाकडे तरी नेणं आलंच.

पहिले सीताबर्डीत एका दुकानात नेला होता, नाव घेत नाही. तिथल्या पोरानं प्लग लावला, बंद झाला, प्लग काढला, आणि मशीन न उघडता निकाल देऊन टाकला की मदरबोर्ड गेला, रिबॉलिंग (म्हणजे चिप काढून तिच्या खालचं सोल्डर नव्यानं बसवणं) करावं लागेल, साडेसहा हजार, गॅरंटी नाही, नाहीतर हा आमच्याकडे द्या आणि वर पैसे टाकून सेकंड हॅन्ड घेऊन जा. काऊंटरच्या मागे तसे सेकंड हॅन्ड रांगेनं लावूनच ठेवले होते. मी म्हटलं विचार करतो, आणि मशीन उचलून बाहेर.

मग ऑफिसमधल्या एका दादानं ह्या दुकानाचं सांगितलं. गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या माळ्यावर, खाली झेरॉक्सवाला आहे, जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागते. दुकानाचा बोर्ड दिसत नाही, पहिल्या वेळी मी समोरून निघून गेलो होतो. आत एक टेबल, एक भिंगाचा दिवा, सोल्डरिंगचा वास, आणि भाऊ एकटेच. पन्नाशीचे असतील, आधी टीव्ही दुरुस्त करायचे म्हणे.

आता ह्या माणसाची खासियत ऐका. मशीन मी टेबलावर ठेवली तर त्यांनी तिला हातच लावला नाही, आधी प्रश्न. बंद होताना लाल लाईट येते का दादा? फॅनचा आवाज आधी वाढतो का? नुसता मेनूवर ठेवला तर टिकत होता का गेमपेक्षा जास्त? बंद झाल्यावर लगेच चालू होते का थोडं थांबावं लागते? गेमची डिस्क आत घेताना बंद पडते का? मला वाटलं टाईमपास करून राहिले. पण नंतर त्यांनीच समजावलं की अर्धं निदान इथेच होते. गरम होऊन बंद पडणार असेल तर पीएस फोर आधी फॅन जोरात फिरवते, स्क्रीनवर तापल्याचा मेसेज देते, लाल लाईट दाखवते, म्हणजे सांगून जाते. न सांगता जाते आणि तेही लोड आल्यावर, मेनूवर जास्त टिकते, तर पहिला संशय सप्लायवर. बोर्ड गेलेला असता तर सुरुवातीला गेम अर्धा तास चाललाच नसता, असं त्यांचं म्हणणं.

मग माझ्यासमोर उघडली. सप्लायचा डबा बाहेर काढून मीटर लावलं, स्टँडबायचे ५ च्या आसपास व्होल्ट बरोबर, १२ व्होल्टची लाईन पण बरोबर. मी म्हटलं मग तर चांगला आहे न. ते हसले, म्हणे रिकाम्या पोटी सगळेच चांगले दिसतात, आणि टेबलाखालून काढले कारच्या हेडलाईटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट ५५ वॅटचे, वायर जोडून ठेवलेले. एक बल्ब लावला, डोळे दिपतील असा लख्ख लागला, मीटर थोडंसं खाली येऊन थांबलं. दुसरा लावला आणि दोन्ही बल्ब पिवळे पडले, मीटरचे आकडे खाली घसरले, टिक असा बारीक आवाज, अंधार. परत केलं, परत तेच. दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, स्लिमचं कमाल रेटिंगच १६५ वॅट आहे, म्हणजे हे तर झेपायलाच पाहिजे होतं. साडेसहा हजाराच्या मदरबोर्डचा प्रश्न दोन जुन्या बल्बांनी मिटवला, मी तर बघतच राहिलो.

कव्हर काढल्यावर दाखवलं, आउटपुटच्या बाजूचे दोन कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, डोक्यावर फुगलेले. चांगला कॅपॅसिटर वरून सपाट असते, हे दोघे टम्म. मी विचारलं हे असं काहून होते, तर म्हणे छतावरची टाकी बारीक झाली असं समजा, एक नळ चालू असेल तर कळत नाही, घरातले सगळे नळ उघडले की धार तुटते. आणि टाकी बारीक कशानं होते तर उष्णतेनं. ह्यांच्यावर १०५ डिग्री लिहिलेलं असते पण त्या तापमानाला ते काही हजार तासच टिकतात, प्रत्येक १० डिग्री कमी ठेवले की आयुष्य साधारण दुप्पट, आणि १० वाढले की अर्धं. आता कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हा कन्सोल ५ ते ३५ डिग्रीत वापरा असं छापलेलं आहे. ३५! राजेहो, आपल्याकडे मे मध्ये रात्री अकरा वाजता खोलीत ३५ असते. हे तेच शहर आहे जिथे २०२४ च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला. सेन्सर टिकत नाही तिथं कन्सोलचं काय घेऊन बसलात.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो मला कधीच सुचला नसता. कूलर कोणत्या बाजूला आहे? आमच्या हॉलमध्ये खिडकीत कूलर, समोर टीव्ही, खाली कन्सोल, नागपुरात बहुतेक घरात असंच असते. त्यांनी आतली पत्र्याची शील्ड उलटी करून भिंगाखाली धरली, कडेला पांढरे पांढरे ठिपके, स्क्रूच्या डोक्यावर गंज, आणि फॅनच्या पात्यांवर धूळ अशी चिकटलेली की ब्रशनं निघेना, काडीनं खरवडावी लागली. बोअरचं पाणी, पंप फुल, कूलरच्या हवेसोबत बारीक थेंब उडतात, पाणी सुकते आणि क्षार मागे राहतात, त्यावर धूळ बसते. वर्धमान नगर असो का मनीष नगर, उन्हाळ्यात येणाऱ्या दर दुसऱ्या कन्सोलमध्ये हेच पाहतो म्हणाले. कूलर बंद करा असं नाही म्हटलं त्यांनी, मे मध्ये ते म्हणणारा माणूस इथे टिकणार नाही. कन्सोल धारेच्या बाजूला न्या, बंद कपाटात कोंबू नका आणि पंपाचं पाणी थोडं कमी करा, इतकंच.

कॅपॅसिटर बदलले, चांगल्या कंपनीचे १०५ डिग्रीवाले टाकले, पूर्ण साफ केली, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती ती काढून नवीन लावली. परत दोन्ही बल्ब लावून दाखवले, पिवळे नाही पडले. मग मशीन जोडून गेम लावून तिथेच चालू ठेवली आणि मला म्हणे जा चहा घेऊन या. बिल सगळं मिळून १६००, त्यात ३०० तपासणीचे, जे काम नाही केलं तरी द्यावे लागतात आणि हे ते आधीच सांगतात. पूर्ण सप्लाय नवीन टाकायचा असेल तर वेगळे पैसे, पण गरज नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यानंतर अख्खा नवतपा (मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस) निघून गेला, लहान भाऊ सकाळ-संध्याकाळ त्यावरच बसला होता (आई वैतागली तो वेगळा विषय), एकदाही बंद नाही पडला.

त्यांच्या रॅकवर मायक्रोसॉफ्टचा एक जुना कन्सोल, एक्सबॉक्स ३६०, ठेवलेला आहे, तीन लाल लाईट लागून बिघडलेला, शोभेचा. त्याचा विषय काढला तर मात्र तुमचा अर्धा तास गेलाच समजा. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांची करावी लागली आणि १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली, आणि लोक इकडे कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे की सोल्डर परत धरेल म्हणून. थोडे दिवस चालायचा पण, आणि मग कायमचा जायचा. भाऊंचं मत असं की आजही हीट गन मारून रिबॉलिंगच्या नावानं पैसे घेणारे तोच टॉवेल विकून राहिले. खरं रिबॉलिंग करणारे पण आहेत, मशीन लागते त्याला, पण ते आधी सप्लाय तपासतात.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, मेसेजचं उत्तर दुसऱ्या दिवशी. पार्किंग नाही, मार्केटच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधता शोधता कन्सोलपेक्षा आपणच जास्त तापतो. बिल वहीच्या कागदावर, गॅरंटी तोंडी तीन महिन्यांची. आणि काम एका हाताचं असल्यामुळे उन्हाळ्यात नंबर लागतो, माझं नशीब म्हणून त्या दिवशी रिकामे होते, मित्राचा पीएस फाईव्ह तर तिथं बरेच दिवस पडून होता, त्यात पेस्टऐवजी लिक्विड मेटल असते, ते घाईत करत नाही म्हणे. ते मला पटलं पण मित्राला नाही पटलं.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, सप्लायचा डबा घरी उघडू नका, स्क्रू ड्रायव्हर किती का चांगला असो. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर करंट बसून राहू शकते आणि यूट्यूबवाला तुम्हाला उचलायला येणार नाही. हार्ड डिस्क काढा, केबल बदला, बाहेरून धूळ काढा, तिथपर्यंतच.

दुपारी दोन ते चार जाऊ नका, शटर अर्धं खाली असते आणि भाऊ आत झोपलेले असतात. मशीन नेताना पॉवर केबल आणि ज्या गेमवर बंद पडते त्या गेमची डिस्क सोबत न्या, डिस्क नसेल तर ते नुसत्या मेनूवर टेस्ट करून देत नाहीत, परत पाठवतात.