फी परत मागायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती

१९ फेब्रुवारी २००८, मंगळवार. एचडी डीव्हीडीचा, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कचा धंदा आपण बंद करतोय असं टोशिबाने जाहीर केलं. त्या संध्याकाळी मी एचडी डीव्हीडीचेच मेनू करायला शिकवणाऱ्या वर्गात बसलो होतो, आणि फी परत मागायची मुदत आधीच्या शुक्रवारी संपली होती. हा योगायोग नव्हता, हे कळायला मला बरेच महिने लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती केव्हाच बंद पडली, पण तिची पद्धत अजून जिवंत आहे, म्हणून हे लिहितोय.

मी अठरा वर्षं व्हिडिओ कॅसेटच्या दुरुस्तीत आणि कॉप्या काढायच्या कामात घालवली. टेप वाचणारं हेड साफ करायचं, ट्रॅकिंग जुळवायचं, मशीनमध्ये गुंतलेली टेप न तोडता सोडवायची, चित्रात मुंग्या आल्या तर दोष कॅसेटचा की हेडचा हे नुसतं बघून सांगायचं. पण डीव्हीडी आल्यावर काम आटत गेलं आणि चाळिशीच्या तोंडावर मालकाने एक दिवस आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की वर्षभरात दुसरं काहीतरी बघा. माणूस प्रामाणिक होता, वर्षभर आधी सांगितलं.

मी अडाणी होतो म्हणून फसलो, असं समजू नका. फॉरमॅटची भांडणं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. व्हिडिओ कॅसेटचे दोन प्रकार: सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. दोन्हींची टेप अर्ध्या इंचाची, पण एकाची कॅसेट दुसऱ्यात जाणार नाही. सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर तासाभराचंच रेकॉर्डिंग मावायचं, व्हीएचएसवर दोन तास. म्हणजे तिथे सिनेमा बसायचा, इथे अर्ध्यात तुटायचा. चित्र बीटाचंच सरस, असं आमच्या लाइनीतले जुने लोक शपथेवर सांगायचे, पण चित्र सरस असून काय उपयोग, शेवट दुसऱ्या कॅसेटवर असेल तर? फिलिप्सने १९७९ मध्ये व्हिडिओ २००० काढलं, त्याची कॅसेट गाण्याच्या कॅसेटसारखी उलटून दुसऱ्या बाजूने लावता यायची. कल्पना झकास, पण यायला उशीर. १९८८ मध्ये खुद्द सोनीनेच व्हीएचएसची मशीनं विकायला घेतली आणि विषय संपला. माझ्या हाताखाली आलेली बीटाची मशीनं बहुतेक शेवटच्या घटका मोजणारीच होती. सुटे भाग मिळायचे नाहीत, एकातलं काढून दुसऱ्यात घालायचो.

हे सगळं मी संस्थेच्या काउन्सेलरला सांगितलं. २५ जानेवारीची, प्रवेशाच्या दिवसाची गोष्ट. वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओने ४ जानेवारीलाच जाहीर केलं होतं की आता आपण फक्त ब्लू-रेवरच, म्हणजे एचडी डीव्हीडीच्या प्रतिस्पर्धी डिस्कवरच सिनेमे काढणार. मी पेपर वाचणारा माणूस. मी त्याला थेट विचारलं, ‘हे एचडी डीव्हीडी बुडालं तर?’

तो हसला, खुर्ची पुढे घेतली आणि म्हणाला, ‘सर, तुमच्याइतका जाणकार माणूस या टेबलावर महिन्यात एखादा येतो. तुम्हीच सांगा, व्हीएचएस जिंकलं ते चित्रावर का?’

मी म्हटलं, नाही.

‘मग? ब्लू-रेच्या एका थरात पंचवीस जीबी, यात पंधरा, म्हणून लोक घाबरतात. पण डिस्कची रचना डीव्हीडीसारखीच, जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफाराने छापता येते. टोशिबाने याच महिन्यात प्लेअरच्या किमती उतरवल्यात. स्वस्त तेच चालतं ना, सर? पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल अजून आपल्याकडेच आहेत.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डिस्कचा वाचायचा थर खरंच डीव्हीडीसारखा ०.६ मिलिमीटर आत होता, ब्लू-रेचा ०.१ वर. किमती खरंच उतरवल्या होत्या. फक्त, वॉर्नर गेल्यावर हात पोळल्यामुळे त्या उतरवल्या होत्या, हे त्याने सांगितलं नाही आणि ते मला सुचलं नाही. माझंच ज्ञान त्याने माझ्यापुढे वाढलं आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं. ठगाला तुमचं अज्ञान लागतं असं लोक समजतात. याला माझा अनुभव पुरला.

मग त्याने दोन माजी विद्यार्थ्यांशी फोनवर बोलणं करून दिलं. दोघेही खूष. त्यातला एक सारखं ‘एकदम सुरळीत’ म्हणायचा. वर्ग सुरू झाल्यावर एके दिवशी मी पावतीवरची तारीख दुरुस्त करून घ्यायला अकाउंट्सच्या खिडकीवर गेलो, तर आतला माणूस म्हणाला, ‘होऊन जाईल, एकदम सुरळीत.’ तोच आवाज. मी तिथे उभा राहिलो, पावती घेतली आणि काही न बोलता वर्गात जाऊन बसलो. का बोललो नाही? कारण फी भरून झाली होती, आणि पैसे भरलेला माणूस स्वतःचीच समजूत घालायला लागतो.

आता कागदांकडे येतो, कारण खरा सापळा तिथेच होता. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘नोकरीची हमी’. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘नोकरी शोधण्यासाठी साहाय्य’, तेही अंतिम प्रकल्पाची डिस्क संस्थेच्या प्लेअरवर चालवून दाखवली तरच. फी परत मागायची मुदत एकवीस दिवस, पण मोजायची प्रवेशाच्या तारखेपासून. वर्ग सुरू झाला ११ फेब्रुवारीला. म्हणजे काय शिकवतात ते पाहून निर्णय घ्यायला मला जेमतेम पाच संध्याकाळी मिळाल्या, आणि त्या पाचही ओळख-परेड आणि स्वागताच्या भाषणांत गेल्या.

तिसरा कागद सगळ्यात वाईट. त्यावर लिहिलं होतं ‘सुलभ हप्ते’. मला वाटलं, संस्था हप्त्याहप्त्याने फी घेणार. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. कंपनीने पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात संस्थेला दिली आणि माझ्या गळ्यात अठरा हप्ते अडकवले. संस्थेने शिकवलं काय, न शिकवलं काय, बुडाली काय, हप्ता माझा. हे सहीच्या वेळी कोणी तोंडाने सांगत नाही. तुम्ही ‘पैसे नक्की कोणाला देणं लागतो?’ असं विचाराल तेव्हाच काउन्सेलरचा चेहरा बघा.

वर्गात एक काचेचं कपाट होतं. त्यात एचडी डीव्हीडीचा चकचकीत प्लेअर, शेजारी दोन डिस्का, कुलूप लावलेलं. माझ्यासारख्या माणसाचं लक्ष तिकडे जाणारच. तिसऱ्या आठवड्यात लाइट गेले होते म्हणून आम्ही रिकामे बसलो होतो, तेव्हा मी कपाटाच्या बाजूने वाकून मागे पाहिलं. प्लेअरला वायर नव्हती. वीज नाही, टीव्हीची नाही, काहीच नाही. कपाटाच्या पाठीला वायर बाहेर काढायला भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. ज्या प्लेअरवर डिस्क चालवून दाखवायची अट पावतीवर होती, तो प्लेअर आयुष्यात कधी चालू झालाच नव्हता.

आम्ही शिकत होतो ते एचडीआय, म्हणजे एचडी डीव्हीडीच्या मेनूची भाषा. आत एक्सएमएल आणि जावास्क्रिप्टसारखी स्क्रिप्ट. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये बटणं उजळवायची, सिनेमा चालू असतानाच खालून मेनू वर आणायचा. मजा यायची, खोटं कशाला बोलू. मी निळ्या पट्टीचा एक मेनू केला होता, प्रकरण निवडलं की छोटं चित्र हळूच पुढे यायचं.

ब्लू-रेवर असे मेनू बीडी-जे मध्ये, म्हणजे जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत. आमचं एचडीआय तिकडे शून्य किमतीचं. आणि जे दोन्हीकडे सारखं होतं, ते मात्र शिकवलंच नाही. दोन्ही डिस्कांवर चित्र एमपेग-२, व्हीसी-१ किंवा एच.२६४ याच तीन प्रकारांत दाबलेलं, म्हणजे कमी जागेत मावेल असं केलेलं असायचं. चित्र न बिघडवता ते कसं दाबायचं, आवाज कसा जुळवायचा, सबटायटल किती सेकंद ठेवायचं, ही विद्या कुठलाही फॉरमॅट जिंकला तरी उपयोगी पडली असती. अभ्यासक्रमात त्याला एक संध्याकाळ होती आणि त्या दिवशी सर आले नाहीत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी माझं एवढं ऐकाच: अभ्यासक्रमातून त्या यंत्राचं, कंपनीचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव खोडा आणि मागे काय उरतं ते पाहा. माझ्या बाबतीत एक रिकामी संध्याकाळ उरली असती.

१९ फेब्रुवारीनंतर काय झालं? काहीच नाही. १५ तारखेला वॉलमार्टने फक्त ब्लू-रे ठेवायचं ठरवलं होतं, टोशिबाच्या घोषणेनंतर युनिव्हर्सल आणि पॅरामाउंटही तिकडे वळले, आणि आमच्या वर्गात बटणं उजळत राहिली. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘मॅनेजमेंट बघतंय.’ बाहेर काउंटरवर मार्चच्या बॅचचे प्रवेश चालू होते, त्याच माहितीपत्रकावर. फॉरमॅट हरला हे त्यांचं नशीब, त्यात मी त्यांना दोष देत नाही. मेलेली म्हैस दुभती म्हणून विकली, हा मात्र गुन्हा.

मार्चच्या शेवटी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि ‘ब्लू-रे ब्रिज’ नावाचा जोडकोर्स पुढे ठेवला. तीन शनिवार, वेगळी फी, ‘आपल्या माणसांसाठी निम्म्यात’. तीन शनिवारांत जावा! तरी मी भरली. आता हसू येतं, पण तेव्हा गेलेल्या पैशांना वाचवायला आणखी पैसे टाकतोय असं वाटत होतं. अर्ध्या वर्गाने भरली. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती, ‘आधीच्या अभ्यासक्रमाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ मी ती वाचली. वाचून सही केली. घाईत वाचायची राहून गेली असं सांगायची सोयही मी स्वतःला ठेवलेली नाही.

पहिला शनिवार झाला. दुसऱ्या शनिवारी सर आजारी. जूनमध्ये एका सोमवारी आलो तर दाराला कुलूप, काचेच्या कपाटासकट सगळं सामान गेलेलं. हप्ते चालूच राहिले. मी फायनान्स कंपनीला पत्र लिहिलं, त्यांनी माझ्याच सहीची प्रत पाठवली. ग्राहक तक्रार केली, तर समोरच्या वकिलाने ‘कोणतीही तक्रार नाही’ ही ओळ वाचून दाखवली आणि माझी बाजू तिथेच बसली. अठराच्या अठरा हप्ते भरले.

मग काम कसं लागलं, असं विचाराल. जुन्याच विद्येने. लोकांना घरातल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून हव्या होत्या, आणि टेप हाताळणारे हात कमी होत चालले होते. व्हीएचएसची मशीनं बनवणारी शेवटची कंपनी, फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. माझ्या टेबलावर आजही चार मशीनं आहेत, त्यात एक बीटा. चित्र दाबायचं तंत्र मी त्या कामातच शिकलो, रात्री, कोणाला फी न देता.

आमच्या वर्गात एक ताई होत्या, माझ्याहून मोठ्या, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी गेलेल्या. त्यांना बीटामॅक्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना सगळा इतिहास ऐकवला, त्यांनी कौतुकाने ऐकला. ब्रिजचा अर्ज मात्र त्यांनी भरला नाही. ‘आधीचं काय झालं ते कळू दे आधी,’ एवढंच म्हणाल्या. त्यांना अर्ध्याहून जास्त फी परत मिळाली. त्यांची तक्रार उभी राहिली ती एका माहितीपत्रकावर. प्रवेशाच्या दिवशी काउन्सेलर तोंडाने जे जे बोलला, ते त्यांनी त्याच्याच पेनाने त्या पत्रकाच्या मागे लिहून काढलं होतं: नोकरी कधीपर्यंत, कुठल्या कामाची, फॉरमॅट बंद पडला तर काय. खाली तारीख आणि वेळ. आणि मग तो कागद त्याच्यापुढे सरकवून त्याची सही मागितली होती. त्याने करून दिली होती.

मी मागितलीच नव्हती.