ऑइलचा लाल दिवा आणि नाकारलेली वॉरंटी: वापरलेल्या टर्बो पेट्रोल गाडीचा अनुभव

मायलेज, एसी, गिअरबॉक्स यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय आणि त्यातलं बरंचसं पटतं. गाडी चालवायला छान आहे. मला बोलायचंय ते ऑइलच्या लाल दिव्याबद्दल.

हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो, तेही दाब जवळजवळ संपल्यावर. दिवा लागताच मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, तरी खालून ठकठक सुरू झालीच होती. डिपस्टिकवर, म्हणजे पातळी मोजायच्या पट्टीवर, ऑइल किमान-कमाल या दोन खुणांच्या बरोबर मध्ये! एवढ्या मोठ्या स्क्रीनवर चारही टायरची हवा दिसते, पण ऑइलचा दाब दाखवणारा एक आकडा नाही. याचा मला आजही संताप येतो.

इंजिन उघडेपर्यंत मी गाडीच्या रचनेलाच दोष देत होतो. मग संप, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, खाली उतरवला. आत काळा, घट्ट गाळ, आणि ऑइल पंपाची जाळी त्यानं बुजलेली. ऑइल होतं, पण वर चढत नव्हतं. पिस्टनला क्रँकशाफ्टशी (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडून जागेवरून फिरलं, क्रँकशाफ्टला चरे पडले. इतका गाळ काही महिन्यांत साचत नाही. माझ्याकडे आल्यापासून ऑइल वेळेआधीच बदललंय, पावत्या आहेत. नियम १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पहिल्या मालकानं दोन्ही ओलांडले. त्यामुळे इंजिनच्या रचनेवरचा राग आता राहिलेला नाही.

वॉरंटीवरचा मात्र वाढलाय. देखभाल न केल्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य आहे. पण चुकलेल्या सर्व्हिसची नोंद डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होती. ती असताना त्यानंच तपासणीचं प्रमाणपत्र दिलं आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे वेगळे पैसे घेतले. गाडी विकताना जी नोंद आड आली नाही, ती क्लेमच्या वेळी कशी येते?

'पार्ट आमचे, मजुरी तुमची' अशी तोंडी तडजोड पुढे आली. मी नाही म्हटलं. हाच पैसा मी वॉरंटीसाठी एकदा भरलाय. नकाराचं कारण लेखी मागितलंय, आणि बेअरिंग व जाळी भंगारात टाकू नका असंही पत्रात बजावलंय, कारण पुरावा तोच आहे. उत्तर येईपर्यंत इंजिन जोडायला परवानगी देणार नाही.

हीच गाडी वापरलेली घेत असाल तर प्रमाणपत्र बाजूला ठेवा. सर्व्हिसच्या तारखा आणि किलोमीटर यांची पूर्ण यादी छापून मागा, आणि ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारून गाळ दिसतो का ते बघा.